टांग्र्याची पाहुणे मंडळी

‘हक्का नूडल्स’ हे नाव आता आपल्या घराघरांत रुळले आहे. मुलांचा वाढदिवस असो की रविवारची संध्याकाळ, पोळीभाजीला रजा मिळते आणि सूनबाई कोबी-गाजर चिरावयास बसतात. हे ‘हक्का’ चीनमधील एखाद्या गावाचे नाव असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ते माणसांचे नाव आहे. शब्दाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. शतकानुशतके टप्प्याटप्प्याने उत्तरेकडून दक्षिण चीनमध्ये येऊन वसलेल्या या लोकांस तेथील जुन्या रहिवाशांनी पाहुणे म्हटले, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी ते नाव काही सुटले नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात नांदून अजूनही ‘आप मूलतः कहाँ के?’ या प्रश्नास उत्तर देणाऱ्या आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना या नावातली बोच निराळी समजावून सांगावयास नको.

गेल्या हिवाळ्यात भाचीकडे कोलकात्यास जाण्याचा योग आला. शिप्रा एक्स्प्रेसने हावड्यास उतरलो. दक्षिणेश्वर, बेलूर हे सर्व यथासांग झाले. त्याविषयी येथे लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला पाहावयाची होती ती या पाहुण्यांची वस्ती.

तिचे पहिले ठाणे टिरेटा बाजार. अठराव्या शतकात कोलकात्यास येऊन राहिलेल्या एडवर्ड टिरेटा नावाच्या व्हेनिसच्या गृहस्थावरून हे नाव पडले. लालबाजारच्या पोलीस कचेरीपासून हाकेच्या अंतरावर भल्या पहाटे चिनी न्याहारीचा बाजार भरतो. वाफाळलेल्या टोपल्यांतून पाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचे सार विकले जाते आणि ऊन तापण्याच्या आत सारे आटोपते. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाने तेथे वाफ पाहावी आणि चहा घ्यावा. जवळच जुनी चिनी देवळे आहेत. गंमत अशी की कोलकात्यात त्यांना ‘चर्च’ म्हणतात.

भारतात वस्ती करणारा पहिला चिनी म्हणून टाँग अच्यू याचे नाव घेतात. वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत त्याला बजबजच्या पुढे हुगळीकाठी जमीन मिळाली आणि तेथे त्याने साखरेचा कारखाना काढला. ते गाव आज त्याच्याच नावाने अछिपूर म्हणून ओळखले जाते. नदीजवळ त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची तांबडी समाधी आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक तिच्या दर्शनास जातात. मागाहून आलेल्यांनी आपापले धंदे वाटून घेतल्यासारखे दिसते: कँटनचे लोक सुतार, हूपे प्रांतातले दंतवैद्य, आणि हक्का मंडळी चामडे कमावणारी व जोडे करणारी. येथील उच्चवर्णीय ज्या कामाचा विटाळ मानीत, त्या कामात या परक्यांना जागा मिळाली. विसाव्या शतकात शहराच्या पूर्वेकडील टांग्र्याच्या दलदलीत त्यांचे चामड्याचे कारखाने उभे राहिले आणि पुष्कळ घरांना सुबत्ता आली.

मग १९६२ साल उजाडले. चीनशी युद्ध झाले आणि ज्यांनी चीन कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्यांच्याकडे लोक संशयाने पाहू लागले. आसाम, दार्जिलिंग आणि इतर ठिकाणच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत बायका, मुले व वृद्धही होते, राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. कित्येकांची काही वर्षे तेथे गेली. सुटल्यावर अनेकांना आपले घर आणि दुकान परत मिळाले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या युद्धाचा धडा आहे. या छावणीविषयी त्यात मला एक ओळही आढळलेली नाही. तेव्हापासून जो देशांतराचा ओघ लागला, तो थांबला नाही. त्यातच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव हे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला आणि कालांतराने बानतल्याला नवी चर्मवसाहत झाली. काही तिकडे गेले, काही कॅनडास गेले, आणि मागे राहिलेल्यांतील अनेकांचा संसार खाणावळीवर चालू लागला.

आज टांग्र्यात शिरले की उंच भिंती, लोखंडी दरवाजे, आणि त्यांच्यावर तांबड्या अक्षरांच्या उपाहारगृहांच्या पाट्या. एका वळणावर चिनी कालीमंदिर आहे. तेथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवितात. मला ते मुळीच विचित्र वाटले नाही. ज्याने त्याने आपल्या घरी शिजते तेच देवापुढे ठेवावे. पुढे ‘पेई मे’ नावाची चिनी शाळा लागली. पेशाने मुख्याध्यापक असल्यामुळे पाय आपोआप थबकले. तेथील एका वृद्ध गृहस्थांना पटसंख्या विचारली. ते म्हणाले, “मुलेच नाहीत, तर पट कुठला?” वर्ग केव्हाच बंद पडले होते. इंदुरात मराठी विषय घेणाऱ्या मुलांची बाके मी वर्षानुवर्षे मोजीत आलो आहे. अधिक विचारण्याचे धैर्य झाले नाही.

दुपारी ज्या खाणावळीत बसलो, तिची मालकीण सत्तरीची असावी. आमच्याशी बंगाली वळणाची हिंदी, बहिणीशी हक्का, आणि नातवाशी हक्का. नातू मात्र उत्तर इंग्रजीत देई. तिचा मुलगा टोरांटोस असतो. तिकडेही या मंडळींनी ‘हक्का’ नावाची उपाहारगृहे काढली असून भारतीय कुटुंबे तेथे मोठ्या आवडीने जातात. मी म्हटले, “दीदी, तुमच्या पूर्वजांचे जेवण एवढे तिखट होते?” ती हसली. घरी त्यांचे भात, पातळ सार, खारवलेली भाजी असे सौम्य जेवण असते. मिरची, लसूण आणि सॉसचा हा मारा गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी. यजमानाला रुचेल असे पाहुण्याने रांधले आणि यजमानाने त्यालाच पाहुण्याचे नाव दिले! कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जे ‘मांचुरियन’ केले, त्याचीही जात हीच. आमच्या इंदुरी पोह्यांवर शेव आणि जिरावण पडले तेव्हा आजीने नाक मुरडले होते, ते येथे आठवले.

शाकाहारी ताट मागितल्यावर तिने आम्हांला चुलीपाशी बोलावले. वाचकभगिनींच्या उपयोगासाठी तिची रीत येथे देतो. चौघांना २०० ग्रॅम नूडल्स पुरतात. त्या भरपूर खळखळत्या, मिठाच्या पाण्यात टाकाव्या आणि मधला कण जरा कच्चा असतानाच उपसाव्या. लगेच गार पाण्याखाली धरावे, म्हणजे शिजणे थांबते व वरचा चिकटपणा धुऊन जातो. नितळल्यावर चमचाभर तेल चोळून ताटात पसराव्या. भाज्या काडीसारख्या बारीक आणि एकसारख्या चिराव्या. लोखंडी कढई धूर येईतो तापवावी. तेलात आधी ठेचलेला लसूण, आले, हिरवी मिरची, मग कांदा, गाजर, फरसबी, आणि शेवटी कोबी व ढोबळी मिरची. आच शेवटपर्यंत मोठी. चौघांचे एकदम करू नये, दोघांपुरतेच दोनदा करावे. कढई भरली की ती थंडावते, भाज्यांना पाणी सुटते आणि परतण्याऐवजी उकडले जाते. आपल्या घरी होणारा लगदा बहुधा याच घाईचा असतो. नूडल्स टाकल्यावर सोया सॉस कढईच्या तापल्या कडेने सोडावा. तो खारट असल्यामुळे मीठ बेताने. मिरपूड घालून दोनतीनदा उलथावे आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर व्हिनेगर.

तिखट हवे असणाऱ्यांसाठी तिने वेगळी वाटी ठेवली होती: चकत्या केलेल्या हिरव्या मिरच्या व्हिनेगरमध्ये बुडविलेल्या. काचेच्या बरणीत त्या पुष्कळ दिवस टिकतात. आमच्याकडे सध्या त्या वरणभाताबरोबरही खाल्ल्या जातात.