मातीचा ढीग

सरकारी नोकरीत माणसाने किती गावांचे पाणी प्यावे याला काही मर्यादा नाही. मीही पुष्कळ गावांचे प्यालो. पण ज्या गावाचे पाणी मी स्वतःच्या हाताने गढूळ केले असे गाव एकच, आणि ते म्हणजे नैनिताल.

1998 च्या फेब्रुवारीत माझी तेथे बदली झाली. नैनिताल त्या वेळी उत्तर प्रदेशात होते. उत्तराखंड हे वेगळे राज्य होण्यास अजून पावणेतीन वर्षांचा अवकाश होता. आमची कचेरी तळ्याच्या वर, उतारावरच्या एका जुन्या बंगल्यात होती. कोपऱ्याकोपऱ्यांतून बर्फ अजून शिल्लक होते, आणि दप्तर ठेवण्याच्या खोलीत ओल इतकी होती की काही फायली हाताळण्याऐवजी पिळाव्यात असे वाटे. तेव्हा बंगल्याच्या मागे डोंगर थोडा कापून दोन खोल्या बांधाव्यात, असा जुना प्रस्ताव मी धूळ झटकून पुढे सरकविला. मंजुरीही आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आली.

त्या मंजुरीच्या कागदाबरोबर अटींचे एक पान होते. डोंगर कापावयाचा तर त्याच्या पायथ्याशी आधाराची भिंत, तिकडच्या भाषेत ‘पुश्ता’, पावसाळ्यापूर्वी पुरी व्हावी. खणलेली माती व राडारोडा उतारावर लोटू नये, नाल्यात अगर नाल्याच्या काठी ठेवू नये, ठरलेल्या जागी नेऊन टाकावा. छपराचे व अंगणाचे पाणी बांधीव नालीतून मोठ्या नाल्यात सोडावे. बांजाच्या झाडाला धक्का लावू नये. मी या अटी वाचल्या, म्हणजे त्यांच्याखाली सही केली.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. उतार आणि पाऊस या दोन गोष्टी मला कोणी शिकवाव्यात असे मला वाटत नव्हते. मृगापूर्वी आजोबा कुदळ घेऊन गडग्याकडेने फिरत, पन्हळी मोकळ्या करीत, आणि पहिली सर आली की डोक्यावर इरले घेऊन मुद्दाम बाहेर पडत. पाणी कोठून वळते ते पाहावयाला. त्यांच्या मागे मी हिंडलो होतो. पण आमच्याकडचा जांभा आणि नैनितालची पाटी यांत फरक आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. तेथला डोंगर पाटीच्या दगडाचा. ठिकठिकाणी मोडलेला, भुसभुशीत, थर सुटलेला. जंगलाखाली तो शांत असतो, कारण बांजाची मुळे त्याला धरून ठेवतात आणि पानांचा जाड थर थेंबाचा मार स्वतःवर घेतो. तो थर काढला की उघड्या मातीवर पडणारा प्रत्येक थेंब कणकण उडवू लागतो.

आणि नैनितालच्या माणसाला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. 1867 सालीच तेथे डोंगर घसरल्यावर उतारांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली गेली होती. समिती होती, तरी 1880 च्या सप्टेंबरात जे व्हावयाचे ते झाले. चाळीस तासांत वीस इंचांहून अधिक पाऊस कोसळला. 18 सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, शेर का डांडा या डोंगराचा एक तुकडा घसरून व्हिक्टोरिया हॉटेलच्या एका भागावर आला. गाडलेल्यांना काढण्यासाठी अधिकारी, शिपाई, मजूर धावून गेले. ते उकरीत असतानाच दुपारी डोंगराचा मोठा भाग सुटला आणि काही क्षणांत त्या सर्वांना घेऊन तळ्याकडे गेला. 151 माणसे मेली. तळ्याकाठचे नैनादेवीचे मंदिर त्यात गेले. ते पुन्हा बांधण्यात आले. आज ज्या सपाट मैदानावर मुले क्रिकेट खेळतात त्याचा विस्तार त्या दिवशी खाली आलेल्या मातीने झाला आहे.

त्यानंतर त्या डोंगरांवर दगडी बांधणीचे नाले पद्धतशीर बांधण्यात आले. आजही ते पाहण्यासारखे आहेत. लहान नाल्या मोठ्यांना मिळतात, मोठे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत तळ्याला मिळतात. प्रत्येक पायरीवर पाण्याचा जोर मोडतो. त्यांचे काम दुहेरी. पावसाचे पाणी डोंगरात मुरण्याआधी उचलून खाली पोचवावयाचे, आणि तेही स्वच्छ, कारण खालच्या तळ्यावर सारे गाव जगते. नाल्यात माती भरली की दोन्ही कामे एकदमच बिघडतात. माती तळ्यात जाते आणि पाणी डोंगरात. पहिल्याने तळे उथळ होते. दुसऱ्याने काय होते ते 1880 साली दिसले.

माझ्या बदलीच्या तीनच वर्षे आधी, 1995 साली, सर्वोच्च न्यायालयाने नैनितालसंबंधीच्या एका जनहित याचिकेवर निकाल देताना इतर गोष्टींबरोबर हेही सांगितले होते की, तळ्याला मिळणाऱ्या नाल्यांवर बांधकामाचे सामान रचू देऊ नये. कचेरीत कोणीतरी मला तो निकाल दाखविला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाल्यावरच्या विटावाळूची दखल घ्यावी, याची मला त्या वेळी थोडी गंमत वाटली होती, हे कबूल केले पाहिजे.

मार्चअखेर डोंगर कापून झाला. निघालेल्या मातीचा पिवळट ढीग बंगल्याच्या खालच्या अंगाला, नाल्यापासून सात-आठ हातांवर पडला. ट्रक तेथवर येत नसे. माती खच्चरांवर न्यावी लागणार, आणि खच्चरांचा खर्च अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता. मी सुधारित अंदाजपत्रक वर पाठविले. ते शंकांसह परत आले. मी शंकांचे समाधान केले. एप्रिल गेला. कामावरचा मेट (मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला तिकडे मेट म्हणतात) हा बुटका, वयस्क पहाडी गृहस्थ. तो एके दिवशी दाराशी येऊन टोपी हातात घेऊन म्हणाला, “साहब, बरसात से पहले यह मलबा उठवा दीजिए।” मी म्हणालो, “कागज गया है।” मे महिन्यात तो पुन्हा आला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला मी जरा त्रासिकपणे बोललो असेन. आमच्या सौभाग्यवतींनीही एकदा चहा देताना विचारले, “अहो, ती माती अजून तिथेच?” त्यांनाही मी कागद गेल्याचेच सांगितले. कागद गेला होता हे खरे. आणि अधिकाऱ्याच्या मनाला त्यानंतर जी गाढ स्वस्थता लाभते तिचा अनुभव या पानांच्या बहुतेक वाचकांना असेल.

जुलैच्या एका रात्री पाऊस सुरू झाला तो थांबेना. कोकणातल्या पावसाला एक लय असते. तिकडचा पाऊस डोंगराच्या कुशीत कोंडल्यासारखा एकाच जागी ओततो. पहाटे तीनच्या सुमारास नाल्याचा आवाज बदलला. आधी तो खळाळत होता, मग घोगरा झाला, आणि मग जवळजवळ बंद झाला. आजोबांमागे हिंडलेल्या मुलाला त्या बंद होण्याचा अर्थ ताबडतोब कळला. कंदील घेऊन मी बाहेर आलो. ढीग निम्म्यावर आला होता. त्याची माती नाल्यात उतरून एका पायरीशी तटली होती, आणि पाणी काठावरून बाहेर पडून सरळ उताराने निघाले होते.

उताराच्या खाली एक घर होते. टिनाचे छप्पर, दोन खोल्या. एक विधवा वृद्धा आपल्या नातवासह तेथे राही. सारी वस्ती तिला आमा म्हणे. मी, मेट आणि चौकीदार पोचलो तेव्हा ती नातवाला घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर बसली होती. मागची भिंत उभी होती, पण स्वयंपाकाच्या खोलीत कमरेइतका चिखल भरला होता. चूल, पिठाचा डबा, मुलाची शाळेची पुस्तके सारे आत. जीव वाचले ते आमाची झोप हलकी म्हणून. यात माझे कर्तृत्व काही नाही.

सकाळी उजाडल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती म्हणाली, “पहाड़ है बेटा, बरसात में तो आता ही है।” मला ती पळवाट घेता आली असती, मोठी सोयीची होती. दैवी आपत्तीच्या सदरात नुकसानभरपाईचा अर्जही बसला असता. पण कोणास ठाऊक कसे, मी म्हणालो, “आमा, वह हमारी मिट्टी थी।”

तिने माझ्याकडे पाहिले. “मालूम है,” ती म्हणाली. “पहाड़ की मिट्टी काली होती है। यह पीली है।”

मार्चपासून ती तो पिवळा ढीग रोज खालून पाहत होती. मेटाला तीन वेळा माझ्या दाराशी तिनेच पाठविले होते. तिला स्वतः येणे शक्य नव्हते असे नाही. साहेबाकडे जाण्याची रीत तिला ठाऊक नव्हती, आणि साहेबाला खाली उतरून पाहण्याची.

दुसऱ्याच दिवशी, कोणत्याही कागदाची वाट न पाहता, मी खच्चरवाल्यांना बोलाविले. एकेका खच्चरावर दोन पोती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पावसाच्या उघडिपीत. अकरा दिवस लागले. नाला उपसला. आमाच्या खोलीतला चिखल मजुरांनी काढला, चूल तिने स्वतःच घातली. दुसऱ्या कोणाला तिने हात लावू दिला नाही. पुस्तके मी आणून दिली. तळ्यात जी माती गेली ती मात्र गेली. नाल्याच्या तोंडाशी पुष्कळ दिवस पाण्यात एक पिवळा पट्टा दिसत असे, आणि मॉलवरून फिरताना मी तेवढ्या भागापुरता रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चाले.

2014 च्या 30 जुलैला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, तेव्हा मी निवृत्त होऊन पुण्यात होतो. मृतांचा आकडा शेवटी 151 वर थांबला. नैनितालचा तोच आकडा. माळीणच्या कारणांविषयी तज्ज्ञ पुष्कळ बोलले; मला त्यात काही भर घालण्याचा अधिकार नाही. पण वर्तमानपत्रातला तो आकडा पाहून मी पेपर खाली ठेवला, तो त्या दिवशी पुन्हा उचलला नाही. पुढे 2016 साली केंद्र सरकारने बांधकामाच्या राडारोड्याविषयी देशभरासाठी नियम केले. त्याने नाल्यांना अडथळा होता कामा नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. ते मात्र मी सही न करता, सावकाश वाचले.

खच्चरांच्या खर्चाचे सांगावयाचे राहिले. तो मंजुरीवाचून झाला असल्याने लेखापरीक्षकांनी हरकत घेतली: काम पूर्ण झाल्यावर माती हलविण्याचे प्रयोजन काय, आणि तेही भर पावसाळ्यात, जास्त दराने? प्रश्न रास्त होता. मी उत्तर लिहिले की, माती एप्रिलमध्ये हलवावयास हवी होती, ती हलविली नाही, दोष माझा आहे. अशा उत्तरासाठी त्यांच्या नमुन्यात रकाना नसावा. पुढे माझी बदली जबलपूरला झाली. तेथे वर्षभराने तीच हरकत पुन्हा आली, आणि खाली लाल शाईत शेरा होता: ‘उत्तर समाधानकारक नाही. कृपया खुलासा करावा.’ मी ती रक्कम भरून टाकली आणि पावती अमा‍च्या नातवाच्या पत्राबरोबर जपून ठेवली. तो त्या वर्षी आठवीत पहिला आला होता.