टाकी, मोटर आणि 17 नंबरची पिन

विहिरीची मोटर बंद करण्याचे काम आमच्या घरी वर्षानुवर्षे दादीकडे होते. टाकी भरून पाणी सांडल्याचा आवाज आला की ती बटण बंद करी. आता तिला तो आवाज ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बहीण-भावांनी हे काम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाकडे दिले.

त्याच्या कडेला 40 पिना असतात. काही नुसती वीज पुरवतात, बऱ्याचशा प्रोग्रामच्या हुकमात असतात. आम्ही घेतली ती जीपीआयओ 17. (मोजायला गेलात तर ती 11 व्या जागी सापडते!) प्रोग्रामने 1 लिहिले की तिच्यावर 3.3 व्होल्ट येतात, 0 लिहिले की शून्य. एवढ्याने मोटर फिरत नाही. पिन रिलेला इशारा देते, पुढचे काम रिले करतो. 230 व्होल्टची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घेतली. तिथे हौस नको.

वाचणारी पिन जास्त लहरी. काहीच जोडले नाही तर ती कधी 0 सांगते, कधी 1. आतला पुल-अप रेझिस्टर चालू केला की मोकळी पिन ठामपणे 1 वाचते. टाकीतल्या फ्लोट स्विचने तिला ग्राउंडला जोडले की 0.

इथे घरात वाद झाला. 1 म्हणजे टाकी भरलेली की रिकामी? उंदराने वायर कुरतडली तर पिन 1 वाचणार. 1 म्हणजे 'रिकामी' धरले तर मोटर चालूच राहील, आणि मे महिन्यात विहीर तळाला गेली की कोरडी फिरून जळेल. 'भरली' धरले तर मोटर थांबेल, पण पहाटे वुजूलाही पाणी नसेल. शेवटी अम्मीच म्हणाली, "मोटर जळली तर आठवडाभर पाणी नाही. एक सकाळ भागवून नेऊ." आम्ही 1 ला 'भरली' केले, आणि फ्लोट तसाच निवडला.

दुसरी भीती प्रोग्रामची. तो मध्येच अडकला तर पिन शेवटच्या हुकमावरच राहते. हुकूम देणारा गेला हे तिला कळत नाही. यासाठी पायमध्ये वॉचडॉग असतो. प्रोग्रामने 15 सेकंदांत हाक दिली नाही तर तो संगणकच पुन्हा सुरू करतो. सुरू होताना ही पिन हुकूम देत नाही, नुसती ऐकते; रिले सुटतो.

मोटर चालू असताना आम्ही प्रोग्राम मुद्दाम गोठवला आणि अब्बांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पंधरा व्हायच्या आत मोटर थांबली.