मोडीच्या भावात

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते, धूळ झटकली जाते आणि निकाल लागतो. नापासांचा ढीग अंगणात पडला की गल्लीत 'भंगाऽऽर' अशी हाक हटकून ऐकू येते.

हा शब्द आपण फार तुच्छतेने वापरतो. पडलेले नाटक भंगार, रुसलेली मोटार भंगार. 'अभ्यास केला नाहीस तर भंगार गोळा करशील,' हे वाक्य तर शिक्षकांच्या खोलीत मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ते बोलणाऱ्यांपैकी किती जणांना बीड आणि लोखंड यांतला फरक सांगता येईल, याची मला शंका आहे.

आमच्या गल्लीतला फेरीवाला माझाच जुना विद्यार्थी. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. सकाळी दुकानदाराकडून उचल घ्यायची, दिवसभर हातगाडी ढकलायची, संध्याकाळी माल त्याच दुकानात घालून उचल फेडायची आणि उरेल ते घरी न्यायचे, असा त्याचा व्यवहार. गाडीच्या दांडीला लोहचुंबक बांधलेले असते. ते चिकटले तर लोखंड. न चिकटले तर खरी परीक्षा पुढेच! पिवळे दिसते ते सगळे पितळ नसते. कानशीचा एक ओरखडा काढला की मुलाम्याखालचे जस्त उघडे पडते. बीड घणाखाली फुटते, लोखंड वाकते. ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले 'जर्मन', तो हातात तोलूनच बाजूला टाकतो. स्टीलने मात्र चुंबकालाही चकवले आहे. काही ताटांना ते चिकटते, काहींना नाही. आणि न चिकटणाऱ्यांत बहुधा निकेल अधिक, म्हणून भावही अधिक. हे सारे मी त्याच्याकडून शिकलो. फी त्याने घेतली नाही.

आमच्याकडचे लोखंड शेवटी जालन्याला जाते. तिथल्या विजेच्या भट्ट्यांत दीड हजार अंशांच्या पुढे तवे, सायकली आणि मोटारींचे पत्रे यांचे सारखेच पाणी होते. त्या रसाचे ठोकळे होतात, ठोकळ्यांची सळई. आपल्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये कुणाची सायकल आहे, कोण सांगणार? पण त्या मालात एखादा बंद डबा किंवा पाणी राहिलेली नळी गेली, तर भट्टी उसळते आणि समोरचा माणूस भाजतो. दुकानाच्या मागे उकिडवी बसून माल निवडणारी बाई अशा रीतीने कुणा अनोळखी मजुराचा जीव राखत असते. तिची मजुरी सर्वांत कमी.

1971 च्या युद्धात लढलेली 'विक्रांत' 2014 साली मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. मलाही वाटली. 2016 साली तिच्या पोलादाचा अंश घेऊन मोटारसायकली निघाल्या, तर लोकांनी त्या अभिमानाने घेतल्या. आजीच्या परातीचा अंश कशात गेला, हे मात्र कुणी विचारीत नाही. तांब्यापितळेच्या जुन्या भांड्यांना बाजारात 'मोड' म्हणतात, आणि मोडीत निघालेल्या वस्तूवरचे नाव वजनात धरत नाहीत.

यंदा आईने स्वतःच्या हाताने तांब्याचे घंगाळ बाहेर काढले. काठावर आजीचे नाव घातलेले. नातीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते, आणि त्या घंगाळातून कुणी अंघोळीचे पाणी घेतल्याला वीस वर्षे होऊन गेली होती. मी काही बोललो नाही. बोलायला माझ्या खिशात तेवढे पैसेही नव्हते.

फेरीवाल्याने घंगाळ उलटे केले, बुडाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "गुरुजी, ह्याला डाग लावलेला आहे. तेवढा भाव कमी बसेल." तांब्याचा भाव तरी आमच्या गावाचा कुठे? तो लंडनच्या बाजाराबरोबर चढतो-उतरतो. आईला ते सांगून उपयोग नव्हता. तिने चष्मा चढवून काट्यावरचा आकडा स्वतः वाचला, पुन्हा एकदा वजन करायला लावले, आणि मग म्हणाली,

"ह्याची आता तार होणार का रे?"

"नाही आजी. डागाचा माल तारेला चालत नाही. पितळात घालतील. तिकडे जामनगरला नळाच्या तोट्या करतात."

"बरे झाले. पाण्याच्याच कामाला राहील."

तिने पैसे मोजले, आणि त्यातली एक फाटकी नोट त्याच्याकडून बदलून घेतली.