दोन होड्या आणि एक भोपळा

होडीविषयी मत देण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. माझे गाव धावडा. भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगराजवळचे. तिथे पाणी मोजायचे ते घागरींनी. आमच्या मराठवाड्यात पैठणला १९७६ साली नाथसागर झाला खरा, पण तो पडला दूर. असा मी गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला, वेण्णा तलावाच्या काठी, दोन होड्यांपुढे उभा होतो आणि घरची मंडळी माझ्या निर्णयाची वाट पाहत होती.

एक होडी वल्ह्यांची, दुसरी पायांनी चालवायची. बंडूचे मन दुसरीवर बसले, कारण तिला सायकलीसारखी पायडले होती. सौभाग्यवतींचा कौलही तिलाच. “निदान डुगडुगत तरी नाही,” त्या म्हणाल्या. माझा जीव मात्र वल्ह्यांवर. वल्ही मारणाऱ्या पुरुषाचा फोटो काही निराळाच येतो!

आई मुकाट्याने पाण्याकडे पाहत होती.

“हे तळं कशासाठी बांधलं रे?”

“साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधलं. गावाला पाणी मिळावं म्हणून.”

“पिण्याचं पाणी, अन् त्याच्यावर फिरायचं!” असे म्हणून तिने तळ्याला हात जोडले. मग नावाड्याकडे वळून विचारले, “बाबा, वारं सुटलं तर यातली कोणती माघारी येती?”

हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

नावाड्याने मात्र तो मनावर घेतला. “आजी, पायडलची रुंद असते, म्हणून डुगडुगत नाही. पण ती हलकी, पाण्यावर नुसती बसते. वारा आला की तोंड फिरवते, मग कितीही पाय मारा. वल्ह्याची पाणी कापत जाते, वाऱ्याला जुमानत नाही. पण अरुंद. मध्येच कुणी उभं राहिलं तर कलंडायची भीती. आणि वल्हवता आलं पाहिजे. साहेबांना येतं का?”

साहेबांना येत नव्हते. तेव्हा वल्ह्यांची होडी घ्यायची, वल्ही नावाड्याने धरायची आणि कोणी जागचे हलायचे नाही, असा निकाल आईने दिला. माझा फोटो बुडाला.

एवढ्यावर भागले नाही. नावाड्याने नारिंगी जाकिटे आणून दिली. बंडूच्या जाकिटाचे बंद आईने दोनदा ओढून पाहिले. मी माझे नुसतेच खांद्यावर टाकले होते. मला चांगले पोहता येते.

“भोपळा बांध,” आई म्हणाली.

आमच्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकत, ती पाठीला वाळका भोपळा बांधून. हात-पाय चालू लागले की भोपळा सुटायचा. आईच्या थोरल्या भावाने एके दिवशी, “आता येतं मला,” म्हणून तो सोडला आणि धाकट्या बहिणीच्या हातात देऊन उडी मारली. आई तेव्हा आठ वर्षांची होती. माणसे धावत आली तेव्हाही ती भोपळा धरून काठावर उभीच होती. ही हकिकत तिने मला आजवर एकदाच सांगितली आहे.

“आई, मला येतं पोहायला,” मी हळूच म्हणालो.

“ठाऊक आहे. त्यालाही येत होतं.”

मी बंद बांधले. सौभाग्यवतींनी न सांगता बांधले. अर्धा तास आम्ही पाण्यावर होतो. वारा सुटलाच नाही. समोरून पायडलच्या होडीतली मुले हसत-खिदळत गेली तेव्हा बंडूने माझ्याकडे रागाने पाहिले, पण जागचा हलला नाही. आजीची मूठ त्याच्या जाकिटाच्या पट्ट्यावर होती.

काठावरच्या फोटोवाल्याने काढलेला त्या दिवशीचा फोटो घरी आहे. वल्ही नावाड्याच्या हातात आहेत आणि आम्ही चौघे भोपळ्यांसारखे ओळीने बसलो आहोत. तिघांची तोंडे पडलेली आहेत. हसते आहे ती एकटी आई.