मरोळहून सहारकडे
उमराहला निघालेल्या नातेवाइकांना सोडायला आम्ही मरोळमार्गे सहारला जातो. या वाटेवर विमानतळावर राबणारी कितीतरी घरे आहेत. 2019 च्या सुरुवातीला तिथे दस्तरख्वानावर एकच हिशेब चाले: जेट एअरवेजची आज किती विमाने उडाली? सुमारे 120 विमानांची कंपनी. भाडे थकले तशी ती एकेक करून जमिनीवरच राहू लागली. पगार लांबले. नोकरी सोडावी, तर थकबाकीचे काय? थांबावे, तर मुलांची फी कशी भरायची? ताळेबंदापेक्षा उडणारी विमाने मोजणेच खरे, असे आम्हाला वाटते. एप्रिलच्या मध्यावर जेमतेम पाच उरली. 17 तारखेच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले उड्डाण शेवटचे ठरले. कंपनी मोडीत काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला 7 नोव्हेंबर 2024 ला. तोवर साडेपाच वर्षे उलटली होती.