उसना दांडा

आमचे सारे आयुष्य दांडीशी झुंजण्यात गेले. शाळेला दांडी मारणाऱ्या मुलांना घरून बोलावून आणणे हे मुख्याध्यापकाचे एक अलिखित कर्तव्य असते, आणि ते आम्ही इमानाने पार पाडीत आलो आहोत. परंतु दांडीचा थोरला भाऊ जो दांडा, त्याच्याशी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात आमची गाठ पडेल, असे कोणी भविष्य वर्तविले असते तर आम्ही त्याला वेड्यातच काढले असते. हा दांडा होता मोटारीच्या गिअरचा.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव बेळगावातच यंत्र-अभियांत्रिकी शिकले, वर्षभर उद्यमबागेतल्या एका लेथच्या कारखान्यात त्यांनी हात काळे केले, आणि २०१८ साली पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले ते तिथलेच झाले. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, खात्याची रीतसर परवानगी काढून, आम्ही उभयतां त्यांच्याकडे जाऊन आलो. जाताना सौभाग्यवतींच्या पेटीत चटण्या आणि लाडू होते, आणि आमच्या डोक्यात एक भाषण होते. विषय, ‘आता परत ये’. मुख्य मुद्दे तीन, उपमुद्दे सात. ते कोणत्या दिवशी करावयाचे एवढेच काय ते ठरावयाचे होते.

पहिल्याच दिवशी आम्हांला गॅरेजाचे दर्शन घडले. कामावर जाण्याची गाडी बाहेर उन्हात उभी, आणि आत छपराखाली, पांघरूण घालून, दुसरीच एक गाडी! बी.एम.डब्ल्यू. ३१८ आय.एस., दोन दारांची, पाच गिअरांची, १९९१ सालची. म्हणजे चिरंजीवांहून वयाने चार वर्षे वडील. त्या जर्मन कंपनीने १९८२ मध्ये जी पिढी बाजारात आणली, तिच्यातली ही गाडी. हौशी मंडळी त्या पिढीला ‘ई-थर्टी’ म्हणतात. आमच्याकडे चार पैसे हाती आले की माणसे जुने विकून नवे घेतात. आमच्या सुपुत्राने नवे असताना जुने घेतले होते. भाषणात आम्ही मनातल्या मनात आठव्या उपमुद्द्याची भर घातली.

“हिचं इंजिन अजून खणखणीत आहे, अप्पा,” चिरंजीव सांगू लागले. “दुखणं आहे ते गिअरच्या दांड्याचं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं म्हणजे हाताला केवढा प्रवास! आणि वर तो दांडा ताकातल्या रवीसारखा डुलतो.”

“मग नवा दांडा आण.”

“नवा नाही. दुसऱ्या गाडीचा.”

ही दुसरी गाडी म्हणजे त्याच कंपनीची ‘झेड-थ्री’. दोघांनी बसावयाची, उघड्या टपाची. १९९५ पासून २००२ पर्यंत ती तयार होत होती, आणि तीही जर्मनीत नव्हे, तर चिरंजीवांच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात. १.९ लिटर इंजिनाच्या झेड-थ्रीचा दांडा या वडीलधाऱ्या गाडीत फारशी काटछाट न करता बसतो, आणि बसला की हाताचा प्रवास कमी होतो, हे हौशी लोकांना फार पूर्वीच उमगलेले आहे. आम्हांला मौज वाटली ती पुढची गोष्ट ऐकून. झेड-थ्री घडविताना तिच्या मागच्या चाकांना धरणारी रचना कंपनीने जुन्या ई-थर्टीवरूनच उचलली होती. म्हणजे धाकटीने आधी थोरलीकडून घेतले, आणि आता थोरली धाकटीकडून घेणार होती.

मराठीच्या मास्तराला हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नव्हते. अण्णा, अक्का, भाकरी, अडकित्ता हे शब्द कानडीतून आपल्याकडे आले, असे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. उसना शब्द इतका चपखल बसतो की पुढे तो उसना होता हे सांगावयास मास्तर लागतो. चिरंजीव ज्या नावाने आम्हांला हाक मारतात, ते ‘अप्पा’ तरी दुसरे काय आहे?

शनिवारी सकाळी आम्ही पितापुत्र भंगाराच्या आवारात गेलो. तिथली रीत अशी, की अपघातात मोडलेल्या आणि वयाने थकलेल्या गाड्या रांगेने मांडून ठेवलेल्या असतात; आपली अवजारे आपण न्यावीत, हवा तो भाग आपल्या हाताने काढावा आणि फाटकाशी पैसे मोजून निघावे. मागून ठोकर बसलेली एक झेड-थ्री तिथे सापडली. दोन तास आम्ही पाने देण्याचे आणि घेण्याचे काम केले. निघालेला दांडा आमच्या हाती देताना चिरंजीवांच्या मुद्रेवर जो आनंद होता, तसा आम्ही त्यांच्या पदवीदान समारंभातही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकने उचलून चार भक्कम स्टँडांवर ठेवली. आरंभ वरून करावयाचा होता. गिअरचा नॉब काढण्याचा मान वडील म्हणून आम्हांला मिळाला. या नॉबला आटे नसतात, तो नुसता दाबून बसविलेला असतो. “सरळ वर ओढा, पण तोंड बाजूला ठेवा,” अशी पूर्वसूचना होती. तिच्यातला पूर्वार्ध आम्ही पाळला. तेहतीस वर्षे जागचा न हललेला तो नॉब एकाएकी सुटला आणि आमच्याच मुठीसह आमच्या कपाळावर येऊन आदळला. सौभाग्यवतींनी बर्फ आणला, आणि हसू आवरण्यासाठी त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे काम खालून होते. चिरंजीव गाडीखाली शिरले आणि शेजारी पुठ्ठा टाकून विजेरी धरण्यासाठी आम्हीही आडवे झालो. सायलेन्सरची नळी सोडवून खाली घेतली, उष्णता अडविणारा पत्रा काढला, तेव्हा कुठे दांड्याचे खालचे टोक दिसले. बाहेरून आपल्याला दिसतो तो दांड्याचा वरचा भाग. मध्ये त्याला एक गोळा असतो आणि तो नायलॉनच्या वाटीत बसतो. गोळ्याच्या खालचे टोक सेलेक्टर रॉडला जोडलेले असते. आपण मूठ पुढे लोटली की ते टोक मागे जाते, आणि त्या रॉडमार्फत गिअरबॉक्समधला गिअर बदलतो.

“अरे, ही तर पहिल्या प्रकारची तरफ!” आम्ही ओरडलो. “टेकू मध्ये, भार एका अंगाला, बल दुसऱ्या अंगाला. पहारीने धोंडा हलवावा तशी.”

“तेच तर सांगतोय, अप्पा.”

दोन्ही दांडे शेजारी ठेवल्यावर सारे उलगडले. उसन्या दांड्याचा गोळ्याखालचा भाग अधिक लांब होता. समजुतीपुरते आकडे घेऊ. वरचा भाग २४ सेंटिमीटर आणि खालचा ६ असेल, तर खालचे टोक अडीच सेंटिमीटर सरकविण्यासाठी मुठीला १० सेंटिमीटर जावे लागेल. खालचा भाग ८ केला, की मुठीचा प्रवास साडेसातवर येतो. परंतु निसर्ग हा मोठा चोख हिशेबनीस आहे. खाली १२ किलोचा विरोध असेल, तर पूर्वी हाताला ३ किलोचा जोर पुरे होत होता, तिथे आता ४ किलोचा लागतो. अंतर कमी केले की जोर वाढतो. एका हाताने दिलेली सवलत तरफ दुसऱ्या हाताने वसूल करते.

चिरंजीवांनी सर्क्लिप काढली, रॉड सोडविला, वाटीला पीळ देऊन जुना दांडा मोकळा केला. तेव्हा दुसरे एक गुपित बाहेर आले. वाटी झिजली होती आणि आजूबाजूची रबरी बुशे पार चेपून गेली होती. डुलण्याचा निम्मा दोष त्यांचा होता. बोलणी मात्र दांड्याने खाल्ली, कारण दिसतो तो दांडा. शाळेतही असेच असते. चिरंजीवांनी सारी बुशे नवी आणून ठेवली होती. जुनी काढताना ती तुकड्या-तुकड्यांनी निघाली. नवी बसविताना त्यांनी कुठेही घाई केली नाही. बोटाने चाचपावे, थांबावे, ग्रीस लावावे, पुन्हा चाचपावे. त्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहता पाहता आम्ही सहज विचारले, “हे सारे तू शिकलास कुठे? इथल्या विद्यापीठात?”

“छे! उद्यमबागेत. आमचे मिस्त्री म्हणायचे, आधी बोटाला विचार, मग पान्याला सांग.” थोडे थांबून ते म्हणाले, “मी तिथंच राहिलो असतो, अप्पा. मालक भागीत घ्यायला तयार होते. पण तुम्ही म्हणालात, ‘एवढं शिकून लेथवर आयुष्य काढणार का?’ म्हणून मग इकडचे अर्ज भरले.”

त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पान्याचा नंबर सांगावा तसे ते सांगितले होते. परंतु आमच्या हातातली विजेरी भलतीकडेच वळली. “उजेड, अप्पा,” असे त्यांना दोनदा म्हणावे लागले.

आम्हांला ते वाक्य आठवत होते. नुसते आठवत नव्हते, त्या वर्षीची आमची सारी वागणूकच डोळ्यांपुढे उभी राहिली. चिरंजीव संध्याकाळी तेलकट कपड्यांनी घरी येत, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना आम्ही सांगत असू, “सध्या प्रशिक्षणाला जातो, परीक्षेची तयारी चालू आहे.” कोणतीही परीक्षा नव्हती. श्रमप्रतिष्ठेवर मुलांकडून दरसाल निबंध लिहवून घेणाऱ्या मुख्याध्यापकाला स्वतःच्या मुलाच्या काळ्या हातांची लाज वाटत होती, एवढेच खरे होते. ‘परत ये’ हे सांगण्यासाठी आम्ही आठ हजार मैल आलो होतो. ‘जा’ हे कोणी सांगितले होते, हा मुद्दा तेवढा आमच्या भाषणात नव्हता.

“चुकलेच आमचे,” आम्ही म्हणालो. गाडीखाली आडवे पडलेले असताना माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्यामुळे अशी वाक्ये बोलणे सोपे जाते.

“तसं काही नाही, अप्पा. इकडंही बरंच शिकायला मिळालं.” आणि क्षणभराने, “जरा ती सर्क्लिप द्या.”

उसना दांडा वाटीत बसला. खालचे टोक आता अधिक खाली येत असल्याने ते फिरत्या प्रोपेलर शाफ्टला घासत तर नाही ना, हे चिरंजीवांनी प्रत्येक गिअर टाकून, शाफ्ट हाताने फिरवून पाहिले. पुरेशी फट होती. मग पत्रा, नळी, चामड्याची पिशवी आणि शेवटी तो कपाळफोड्या नॉब, सारे जागच्या जागी गेले.

आम्हांला तिथे गाडी चालविण्याचा परवाना नव्हता. तरीही इंजिन बंद ठेवून चिरंजीवांनी आम्हांला डाव्या बाजूच्या, म्हणजे तिकडच्या चालकाच्या, आसनावर बसविले. आम्ही क्लच दाबला आणि पहिला, दुसरा, तिसरा असे पाचही गिअर टाकून पाहिले. मनगट थोडे हलले की काम होत होते. प्रत्येक वेळी खटका मात्र ठाम, आणि हाताला जाणवेल इतका जोर मागणारा. सायंकाळी चिरंजीव ती गाडी डोंगराकडच्या वळणाच्या रस्त्याने घेऊन गेले. शेजारी बसून आम्ही रस्त्यापेक्षा त्यांच्या उजव्या हाताकडेच अधिक पाहिले.

भाषण राहून गेले. सौभाग्यवतींनी एकदा खुणेने विचारले. आम्ही मानेने नकार दिला. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी स्वच्छ पुसलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना दांडा आमच्या पेटीत ठेवला. “हा तुमच्याकडे असू दे, अप्पा. दुसरा भाग बसवला, तरी मूळचा टाकायचा नसतो. पुढं कधी परत लावावासा वाटला तर हाताशी असावा.”

मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पेटी उघडून विचारले, “मास्तर, हे काय?” “पहिल्या प्रकारची तरफ,” आम्ही उत्तर दिले. ते उत्तर त्याला पटले असावे.

तो दांडा आज शाळेत आमच्या मेजावर आहे. आमचे विज्ञानाचे शिक्षक तरफेच्या पाठाला तो वर्गात नेतात; मुले गोळा मुठीत धरून वरचे टोक हलवितात आणि खालचे टोक उलट जाताना पाहून हरखतात. गेल्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना रांगेने उद्यमबागेत नेऊन चालता लेथ दाखविला. तिथल्या मिस्त्रींनी चिरंजीवांची चौकशी केली. बरे आहेत, असे आम्ही सांगितले, आणि कुठल्याही परीक्षेचे नाव काढले नाही.

दर रविवारी सकाळी चिरंजीवांचा फोन येतो. आईशी बोलणे झाले की ते आम्हांला विचारतात, “अप्पा, दांडा आहे ना?”

“आहे,” आम्ही सांगतो. “गंज चढू दिलेला नाही.”

आणि सोमवारी शाळेत गेल्यावर प्रार्थनेपूर्वी आम्ही त्याच्यावर तेलाचे बोट फिरवितो.