डाळ शिजणारं पाणी

घरी फिल्म धुते म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "अजून फिल्म मिळते?" आणि मग, "केमिकल्स कुठून आणतेस?" पाण्याबद्दल कुणीच विचारत नाही. खरं तर डेव्हलपरमध्ये सगळ्यात जास्त असतं ते पाणीच. रोडिनाल १ + ५० प्रमाणात घेतलं, तर ३०० मिलीमध्ये औषध जेमतेम ६ मिली. बाकी सगळं पाणी.

आता गंमत अशी, की पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या एकाच टाकीत तीन तऱ्हेचं पाणी येतं. महापालिकेचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. आज त्यात काय किती आहे हे वॉचमनलाही ठाऊक नसतं. आईला मात्र कळतं. कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्या होऊनही डाळ अख्खी राहिली, की ती म्हणते, "आज बोअरचं सोडलंय." शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो ना, ते हेच. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार.

डेव्हलपरला हे क्षार कितपत बाधतात? ते डेव्हलपरवर अवलंबून. डी-७६ हा कोडॅकचा १९२७ सालचा फॉर्म्युला, त्यात लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट. जड पाण्यात पांढरा गाळ धरू शकतो, पण एवढ्यानं फोटो बिघडतोच असं नाही, गाळून घेतलं की बहुतेक वेळा भागतं. रोडिनाल फारच पातळ केलं, तर पाण्याचा स्वभाव जास्त जाणवतो. आणि १९९६ साली आलेल्या एक्सटॉलसारख्या, व्हिटॅमिन सीच्या जातीच्या डेव्हलपरला लोखंड-तांब्याचा अंशही सोसत नाही. रंग तसाच, आणि आतून जीव गेलेला! म्हणूनच आमचे काका कितीही म्हणोत, "एसीच्या नळीतून ठिबकतं ते डिस्टिल्डच की," मी ते घेत नाही. धातूच्या नळ्यांवरून, धुळीतून येतं ते.

पाणी उकळून गार केलं, तर जडपणाचा काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो. आरओचं पाणीही चालतं. मग मी डिस्टिल्डच का आणते?

कोकणातलं आजोळचं घर गेल्या मे महिन्यात उतरवलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथे एक रोल काढला. ३६ फोटो. ओटी, माजघर, न्हाणीघराची चूल, आणि पायरीवर बसलेली मावशी. यातला एकही फोटो आता परत काढता येणार नव्हता. उन्हाळ्याचे दिवस, टाकीत टँकरचं पाणी. अशा वेळी 'चालतं' या शब्दावर माझी भिस्त बसेना. पाणी फार शुद्ध हवं असं नव्हे, कालच्यासारखंच आज हवं. म्हणजे वेळ आणि तापमान तेच ठेवलं, की निगेटिव्हही तशीच येते.

तर मंडळी, आमच्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला ५ लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन येतोच. त्यातलंच मी घेते. फक्त लेबल नीट वाचा, दुकानात शेजारीच बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं. एका रोलला डेव्हलपरसाठी ३०० मिली आणि शेवटच्या खळबळण्यासाठी ३०० मिली, म्हणजे एका कॅनमध्ये ८ रोल होतात. मधलं सगळं धुणं नळाच्या पाण्यानं, तोटीला फडकं बांधून. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्डच, नाहीतर वाळताना क्षारांचे ठिपके उरतात आणि ते नेमके कुणाच्या तरी चेहऱ्यावर येतात.

रोल स्वच्छ आला. आईनं ओली पट्टी खिडकीशी धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये मावशीचे पांढरे केस काळेभोर दिसत होते. "अगं, ही तर लग्नातली ताई," आई म्हणाली आणि बराच वेळ ती पट्टी काही तिनं माझ्या हातात दिली नाही.

असो. कॅनमध्ये अजून दोनेक रोलचं पाणी आहे. बाबांना सांगून ठेवलंय, इन्व्हर्टरसाठी नवा आणा.